टाइल्सचे सांधे काळे पडलेत, ॲसिड ओतू का?

प्रश्न वडगावच्या एका ताईंचा आहे. घर सहा वर्षांपूर्वीचं, बाथरूम आणि स्वयंपाकघरात पांढरं ग्राउट, म्हणजे टाइल्सचे सांधे भरायचा मसाला, भरलेलं. दरवर्षी गणपतीच्या आधी त्या ॲसिड टाकून सांधे घासतात. थोडे दिवस पांढरंशुभ्र दिसतं, मग आधीपेक्षा जास्त काळं. खायचा सोडा आणि व्हिनेगर करून झालं, फरक नाही. ओट्यामागच्या सांध्यांवर धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी टाकलं तर तिथे लालभडक डाग उमटले, त्याला त्या घाबरल्यात. मेस्त्री म्हणतो, सगळं खरवडून इपॉक्सी, म्हणजे सिमेंटऐवजी राळेचं ग्राउट, भरू या. करावं काय?

ताई, पहिलं ते ॲसिड घरातून बाहेर काढा. मी बेळगाव आणि आसपास फरशीचंच काम करतो. ज्या घरांत सांधे सगळ्यात वाईट दिसतात, त्यातल्या बहुतेक घरांत न्हाणीच्या कोपऱ्यात ॲसिडची बाटली असतेच.

होतंय काय ते सांगतो. तुमच्याकडचं ग्राउट सिमेंटचं आहे. सिमेंटमध्ये चुन्याचा अंश असतो आणि ॲसिड चुना खातं. तुम्ही ओतलं की जो फेस येतो तो मळाचा नसतो, सांध्याचाच वरचा थर विरघळत असतो. मळ त्या थराला चिकटलेला होता, म्हणून थराबरोबर तोही गेला आणि खालचं कोरं सिमेंट वर आलं. त्या दिवशी पांढरं दिसणारच. पण खाली राहिलेला सांधा आता खडबडीत आणि भोकाभोकांचा झाला. गुळगुळीत सांध्यावरून जे पाणी वाहून गेलं असतं ते आता आत मुरतं, आणि जाताना साबण, अंगाचा मळ, पायाची माती आत सोडून जातं. पुढच्या गणपतीला तुम्ही आणखी एक थर काढता. सहा वर्षं असं झाल्यावर सांधा टाइलच्या पातळीखाली गेलेला असेल. बोट फिरवून बघा, खाच लागेल.

ॲसिडची वाफसुद्धा वाईट. नळाचं चकचकीत पाणी उतरतं, स्टीलच्या जाळीला गंज चढतो, आणि मग त्या जाळीभोवतीच्या टाइलवर तांबूस कडं दिसायला लागतं. संडासात टाकायचं बाटलीतलं क्लीनर म्हणजेही बहुतेक वेळा हेच ॲसिड, पातळ करून, रंग घालून. ते भांड्यात ठीक आहे, कारण भांडं चिनीमातीचं असतं. फरशीवर नको. आणि ॲसिड टाकलेल्या जागी ब्लीच अजिबात टाकू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. छोट्या, खिडकी बंद असलेल्या न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो. ‘दोन्ही मिसळलं की जोरदार निघतं’ असं सांगणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नका.

सोडा-व्हिनेगरचं थोडक्यात सांगतो. एक अल्कली, एक आम्ल, दोघं एकमेकांना मारतात. फेस बघायला छान वाटतो, पण उरतं जवळपास साधं खारट पाणी. नुसत्या सोड्याची ओली पेस्ट करून घासलीत तर निदान घासायला तरी मदत होते.

आता मूळ गोष्ट. सांधा कशाने खराब झालाय हे ओळखल्याशिवाय काही टाकू नका, कारण एका डागाचं औषध दुसऱ्या डागाला वाढवतं. तुमच्या ओट्यामागे नेमकं तेच झालंय. ते लाल डाग हळदीचे आहेत. हळदीवर अल्कली पडली की ती लाल होते, हात साबणाने धुताना बोटं लाल होतात तसंच. म्हणजे सांध्यात फोडणीची हळद आधीपासून मुरलेली होती, तेलाबरोबर पिवळट-तपकिरी दिसत होती, सोड्याने ती उघडी पडली. घाबरायचं कारण नाही. साध्या पाण्याने तीन-चार वेळा पुसून घ्या म्हणजे सोडा निघेल. मग मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, त्यात तेवढंच पाणी घाला. देवाच्या वातींसाठी जो कापूस आणतो त्याची लांब वात वळा, त्या पाण्यात भिजवून उभ्या सांध्यावर चिकटवा आणि अर्धा तास राहू द्या. उभ्या भिंतीवर नुसतं ओतलं तर ओघळून जातं, वात धरून ठेवते. एकदा करून उरलं तर दुसऱ्या दिवशी परत. खिडकीतून ऊन येत असेल तर ते हळदीला आणखी फिकं करतं.

तेलासाठी मात्र धुण्याचा सोडाच बरा, फक्त हळद काढून झाल्यावर. लिटरभर कढत पाण्यात दोन मोठे चमचे, हातमोजे घालून. दहा-पंधरा मिनिटं ओलं ठेवायचं, नायलॉनच्या ब्रशने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. धुण्यात आळस केला तर सोड्याचा पांढरा थर राहतो आणि त्यावर मळ आणखी लवकर बसतो. तारेचा ब्रश आणि भांड्याची स्टीलची घासणी वापरू नका. त्यांचे बारीक तुकडे सांध्यात अडकतात आणि गंजतात.

बाथरूममधला काळा रंग बहुधा बुरशीचा आहे. ओळखायला सोपं: नळाखाली, कोपऱ्यात, साबणाच्या कप्प्याखाली ठिपक्याठिपक्यांनी सुरू होतो आणि पावसाळ्यात वाढतो. त्याला ब्लीच लागू पडतं. बाटलीतल्या ब्लीचचा एक भाग, पाण्याचे दहा भाग, पंधरा मिनिटं, मग धुऊन टाका. दार-खिडकी उघडी ठेवा, जुने कपडे घाला. खेड्यात पंचायतीकडून टाकीत घालायला ब्लीचिंग पावडर येते, काही जण तीच भिजवून सांध्यावर थापतात. बुरशी मरते, पण त्यातला चुना पांढऱ्या पापुद्र्यासारखा टाइलवर बसतो आणि तो काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं. निवळलेलं वरचं पाणी तेवढं घ्या.

ब्लीचचा वास सोसत नसेल, घरात दम्याचं कुणी असेल, तर कपड्यांचे डाग काढायची ऑक्सिजनवाली पावडर मिळते ती आणा. गरम पाण्यात लिटरला दोन चमचे, लगेच वापरायची, कारण कालवून ठेवली तर काही तासांत तिचा जोर जातो. सांध्यावर अर्धा तास ओली राहू दे, मग घासा. माझं स्वतःचं मत विचाराल तर साध्या मळाला आणि साबणाच्या थराला याच्याइतकं निरुपद्रवी आणि कामाचं दुसरं काही नाही. फक्त धीर लागतो, ॲसिडसारखा तमाशा दिसत नाही.

लाल मातीचं वेगळं. खानापूर, जांबोटीकडची माती जांभ्याची, तिच्यात लोह. पावसात चपलांबरोबर पडवीत, सोप्यात येते आणि सांध्यात बसते. तिच्यावर ब्लीच टाकून काही उपयोग नाही, उलट गंजाच्या डागाला ब्लीच पक्कं करतं. माती ओली असताना चोळू नका. वाळू द्या, कोरड्या ब्रशने काढा, मग कपड्याच्या साबणपावडरीचं कोमट पाणी. तरीही तांबूस छटा राहिली तर ऑक्झॅलिक ॲसिडचं अगदी पातळ पाणी गंजावर काम करतं, पण ते विषारी आहे, पोराबाळांच्या घरात ते मेस्त्रीकडूनच करून घ्या आणि नंतर जागा तीनदा धुवा. निपाणी-चिकोडीकडची काळी माती त्या मानाने सोपी, साबणाला येते.

पांढऱ्या डागांबद्दल लोक सगळ्यात जास्त फसतात. पांढरं दोन प्रकारचं असतं. एक पाण्याच्या क्षाराचं. शहरात राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं ते एवढा त्रास देत नाही. पण बोअरचं पाणी असलेल्या घरांत, विशेषतः अथणी-रायबागकडे, नळाखालच्या टाइलवर आणि सांध्यावर कडक खरवड जमते. साबण त्या पाण्यात फेसाळत नाही, चिकट राखाडी साय होऊन बसतो. याला आम्ल लागतंच, पण सौम्य. लिंबूसत्व लिटरभर पाण्यात दोन चमचे. आधी सांधे साध्या पाण्याने चिंब भिजवा म्हणजे आम्ल आत मुरणार नाही, वरच राहील. पाच मिनिटांच्या वर ठेवू नका. घासा, धुवा, शेवटी खायच्या सोड्याचं पाणी फिरवा म्हणजे उरलेलं आम्ल मरेल. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, तेवढं पुरे.

हे फक्त सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइलवर. ज्यांच्या घरी शहाबादी फरशी आहे, ओट्याला कडप्पा आहे, कोटा किंवा संगमरवर आहे, जुनी मोझॅक आहे, त्यांनी लिंबूसुद्धा दूर ठेवायचं. शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडीचेच दगड. त्यांच्यावर लिंबू पडलं तरी तेवढी जागा कायमची फिकी होते. शहापुरातल्या जुन्या वाड्यांत असे डाग नेहमी दिसतात, ओट्यावर कुणीतरी लोणच्याचं लिंबू चिरलेलं असतं.

दुसरं पांढरं म्हणजे खार फुटणं. हा हलका, पिठासारखा असतो, बोटाला लागतो, पुसला की जातो आणि आठ दिवसांत परत येतो. तो वरून आलेला नसतो. जमिनीतली किंवा भिंतीतली ओल वर येते, बरोबर क्षार आणते, पाणी उडून जातं, क्षार सांध्यावर राहतो. याला धुवू नका. धुतलंत तर परत विरघळून आत जातो आणि परत येतो. कोरड्या ब्रशने झाडून काढा आणि ओल कुठून येते ते शोधा: मागच्या परड्यातलं पाणी जोत्याला लागून साचतंय का, भिंतीतला पाइप गळतोय का, वरच्या मजल्याची न्हाणी झिरपतेय का. ओल बंद झाल्यावर एक-दोन उन्हाळ्यांत खारही थांबतो.

आता तुमच्या घरात सांधा धुण्याच्या लायकीचा राहिलाय का, हे बघा. सांधा कोरडा असताना त्यावर पाण्याचा थेंब सोडा. थेंब गोल उभा राहिला तर उत्तम. दोन-तीन मिनिटांत मुरून डाग गडद झाला तर सांधा पाणी पितोय, पण जिवंत आहे. मग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ओरखडा काढा. पावडर सुटून पडत असेल, किंवा तुकडाच निघून आला, तर तो सांधा संपला. त्याला कितीही धुतलंत तरी काही उपयोग नाही. सहा वर्षं ॲसिड खाल्लेल्या बाथरूमच्या जमिनीचे सांधे बहुतेक याच अवस्थेत असतील. भिंतीचे मात्र बरेचसे ठीक निघतील, तिथे ॲसिड ओघळून गेलेलं असतं. टाइलवर चावीने टकटक करून आवाजही ऐका. पोकळ वाजत असेल तर खाली मसाला सुटलाय, तिथे नुसता सांधा भरून भागणार नाही.

संपलेला सांधा काढायला ग्राउट खरवडायचं हत्यार मिळतं, नाहीतर हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याला कापड गुंडाळून काम होतं. वेळ लागतो, पण ग्राइंडर लावणाऱ्या घाईच्या माणसापेक्षा बरं. ग्राइंडर एकदा घसरला की टाइलची कड उडाली. निदान तीन-चार मिलिमीटर खोल खरवडलं पाहिजे. लोक इथेच चोरी करतात. जुन्या काळ्या सांध्यावर पातळ लेप मारून देतात, दिवाळीपर्यंत छान दिसतं, मग पापुद्रा सुटतो. जुनं किती निघालं ते डोळ्यांनी बघा, चुरा झाडून गोळा करायला सांगा. चुरा मूठभरच निघाला तर समजून जा.

भरायला नुसतं व्हाइट सिमेंट नको. ते आकसतं, केसासारख्या भेगा पडतात. पिशवीतलं तयार ग्राउट घ्या, त्यात पॉलिमर असतो. सांधा तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर बिनवाळूचं, त्याहून रुंद असेल तर वाळूवालं. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच, मोजून. पातळ केलं की भरायला सोपं जातं, म्हणून कामगार पाणी वाढवतात, आणि वाळल्यावर तेच ग्राउट कच्चं आणि फिकटगडद पट्ट्यांचं होतं. कालवून पाच-दहा मिनिटं ठेवा, परत ढवळा, सांधे जरासे ओले करा, रबरच्या फळीने तिरकं दाबून भरा. साधारण वीस मिनिटांनी पिळलेल्या स्पंजने टाइल पुसा. चिंब स्पंज फिरवला तर वरचा रंग धुऊन जातो. दुसऱ्या दिवशी एक-दोनदा हलकं पाणी शिंपडा आणि दोन-तीन दिवस ती न्हाणी वापरू नका. एकच न्हाणी असेल तर शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा, खरंच सांगतो, अर्धी कामं इथेच बिघडतात.

माल किती लागेल? एक फुटी टाइल, सांधा 3 मिलिमीटर रुंद, खरवड 4 मिलिमीटर खोल धरली तर 100 चौरस फुटांना सव्वा किलोच्या आसपास. दोन फुटी टाइलला त्याच्या निम्मं. कुणी एका बाथरूमला दहा किलोची यादी दिली तर विचारा, बाकीचं कुणाच्या घरी जाणार आहे म्हणून.

भिंत आणि जमीन जिथे मिळते त्या कोपऱ्यात ग्राउट भरूच नका. तिथे दोन्ही बाजू थोड्या हलतात आणि कडक ग्राउट दरवेळी फुटतं. बुरशीरोधक सिलिकॉन लावा. वॉशबेसिनच्या आणि कमोडच्या बुडालाही तेच. आणि एक गैरसमज: सांधा भरला म्हणजे खालच्या मजल्याची गळती थांबली, असं नसतं. पाणी अडवायचं काम टाइलखालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचं. सांधा फक्त त्याच्यावरचा ताण कमी करतो.

काही घरांत मुळात सांधाच नसतो. मोरबीहून मोठ्या टाइल आल्यापासून ‘फटच दिसायला नको’ म्हणणारे मालक वाढले. मेस्त्री टाइलला टाइल चिकटवून मोकळा होतो. त्या केसाएवढ्या फटीत ग्राउट शिरत नाही, पाणी मात्र बरोबर शिरतं. नवीन काम काढणाऱ्यांनी दोन टाइलांमध्ये फट राखणारे दोन-तीन मिलिमीटरचे स्पेसर घालायला लावा, आणि जमिनीला पांढरं ग्राउट निवडू नका. राखाडी घ्या. पांढऱ्याचा हट्ट करणाऱ्या घरातच पुढे ॲसिड येतं.

नवीन किंवा नीट धुतलेल्या सिमेंटच्या सांध्यावर सीलर, म्हणजे पाणी आत मुरू न देणारं द्रावण, मारता येतो. आत मुरणारा घ्या, वर चकाकी आणणारा नको. ग्राउट पूर्ण सुकायला हवं, पिशवीवर दिलेले दिवस पाळा. बारीक ब्रशने सांध्यावर लावायचा, टाइलवर सांडलेला दहा मिनिटांच्या आत पुसायचा, नाहीतर धुरकट डाग राहतो. वर्ष-दोन वर्षांनी तीच थेंबाची परीक्षा परत करा, थेंब मुरला तर परत मारा. हे काम आपल्याकडे डिसेंबर ते मे यातच काढा. जूननंतर इथे, आणि खानापूर-कणकुंबीकडे तर विचारूच नका, सांधा आतून सुकतच नाही, ओल आत कोंडली जाते.

रोजचं म्हणाल तर आंघोळ झाली की वायपर मारा आणि दार उघडं ठेवा. अर्धी बुरशी एवढ्यानेच टळते. पुसण्याची बादली घोळवून घोळवून काळं पाणी होईपर्यंत वापरू नका. सांधा हीच फरशीतली खोल जागा, ते पाणी तिथेच जाऊन बसतं. फिनेल जास्त घातलं म्हणजे जास्त स्वच्छ असंही नाही. त्याचा तेलकट थर राहतो, धूळ धरतो. झाकणभर पुरे. समईखाली आणि मखरापुढे तेल सांडतं तिथे आधीच ताटली किंवा केळीचं पान ठेवा.

आता तुमचा मेस्त्री. तो इपॉक्सी म्हणतोय ते चूक नाही, ‘सगळं’ म्हणतोय ते चूक आहे. इपॉक्सी पाणी पीत नाही, हळद-तेल सहज सोडतं, सीलरही लागत नाही. पण महाग आहे आणि लावायला हात लागतो. न्हाणीत शॉवरखालची जमीन आणि गॅसमागची भिंत, एवढ्या दोन जागी करून घ्या. बाकी भिंतींना धुऊन सीलर, जमिनीच्या उरलेल्या भागाला सिमेंटचं ग्राउट.

त्याला दोन-तीन गोष्टी विचारा. सांधे कोरडे ठणठणीत करणार का? सिमेंटच्या ग्राउटला ओलावा चालतो, इपॉक्सीला नाही. राळ आणि हार्डनर डब्यातल्या मापानेच मिसळणार ना? एका वेळी किती कालवणार? अर्ध्या-पाऊण तासात ते घट्ट होतं, आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात त्याहून लवकर, म्हणून थोडं थोडं कालवणारा माणूस जाणकार समजा. ‘सगळा डबा एकदम कालवतो’ म्हणणाऱ्याला हात जोडा. काम झाल्यावर संध्याकाळी टाइलवरून तळहात फिरवा. चिकट लागलं तर त्याच दिवशी त्याच्याकडून पुसून घ्या, कारण कडक झालेला तो धुरकट पापुद्रा दुसऱ्या दिवशी साबणाने निघत नाही. उरलेले पैसे त्यानंतर द्या.